पाण्याचे दात

ज्याच्या नावातच ‘एकदंत’ आहे त्याच्या उत्सवाच्या स्मरणिकेत दातांवर लेख यायला हरकत नसावी, असे मी कार्यकारिणीच्या सभेत म्हणालो आणि सगळे हसले. दरवर्षी माझ्याकडून पूल, बोगदे, वाफेची इंजिने यांवर काहीतरी मागितले जाते आणि मीही ते देतो. यंदा मात्र एक जुनी टोचणी कागदावर उतरवायची आहे. मी डॉक्टर नाही. डिप्लोमा करून रेल्वेच्या वर्क्स खात्यात लागलेला माणूस. स्टेशने, क्वार्टर्स, गटारे आणि पाणीपुरवठा हे माझे काम, आणि या पाणीपुरवठ्यापायीच माझी दातांशी गाठ पडली.

गोष्ट २००४ सालची. नोकरीत नुकता रुळलो होतो. सिकंदराबादहून काही तासांच्या अंतरावर, नलगोंडा जिल्ह्यातले एक लहान स्टेशन माझ्या देखभालीत होते. स्टेशनची इमारत, सात-आठ क्वार्टर्स, एक बोअरवेल आणि एक उंच टाकी, एवढाच पसारा. तिथली गँगमनांची मुले हसली की पिवळ्या-तपकिरी पट्ट्यांचे दात दिसत. काहींच्या दातांवर तर बारीक खड्डे. मला वाटले, बिचाऱ्यांना कोणी दात घासायला शिकवलेच नाही. पंधरा ऑगस्टला आम्ही काही मित्रांनी वर्गणी काढून तिथे टूथब्रश आणि पेस्ट वाटल्या. मी भाषणही ठोकले. सकाळ-संध्याकाळ दात घासा, स्वच्छ राहा, वगैरे. मुले ओठ मिटून, खाली बघत ऐकत होती. कार्यक्रम झाल्यावर गँगचा मेट मला बाजूला घेऊन गेला. वयाने माझ्या वडिलांएवढा माणूस. हळूच म्हणाला, “साब, ये पानी के दाँतां हैं. घिसने से जाते नै.” त्याची अकरा वर्षांची मुलगी दिवसातून तीन वेळा राखेने दात घासत असे, हिरड्यांतून रक्त येईपर्यंत. शाळेत तिला सगळ्यांदेखत घाणेरडी म्हटले होते, तेव्हापासून. आणि आता मीही, वेगळ्या शब्दांत का होईना, तेच म्हणून मोकळा झालो होतो.

त्या बोअरवेलच्या पाण्यात क्लोरिन किती उरला आहे हे नेमाने पाहिले जाई. जंतूंची तपासणीही होत असे. फ्लोराइडची तपासणी करावी असे कोणी सुचवले नव्हते आणि मलाही सुचले नव्हते. महिनाभराने मी एक बाटली भरून प्रयोगशाळेत दिली. निकाल आला तो पिण्याच्या पाण्याच्या कमाल मर्यादेच्या दुपटीहून अधिक.

मेटचे वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून मी या विषयावर मिळेल ते वाचू लागलो. वाचता वाचता कळले की मेट जे सहज बोलला, तेच सिद्ध करायला शास्त्राला तीस वर्षे लागली होती, आणि तीही अमेरिकेत.

फ्रेडरिक मॅके नावाचा एक तरुण दंतवैद्य १९०१ साली कोलोरॅडो स्प्रिंग्ज या डोंगराळ गावात दवाखाना थाटायला आला. गावात जन्मलेल्यांच्या दातांवर चॉकलेटी डाग. गावकऱ्यांनी त्याला ‘कोलोरॅडोचा तपकिरी डाग’ असे नावच देऊन टाकले होते, आणि कारणे तऱ्हेतऱ्हेची सांगत. कोणी म्हणे डुकराचे मांस जास्त खाल्ल्याने, कोणी म्हणे दूध वाईट. मॅकेने पुस्तके चाळली, कुठे काही सापडेना. अखेर १९०९ मध्ये त्या काळचे अमेरिकेतले सर्वांत नावाजलेले दंतसंशोधक जी. व्ही. ब्लॅक त्याच्या बोलावण्यावरून गावात आले. स्थानिक दंतवैद्यांनी शाळकरी मुलांचे दात मोजले होते. तिथेच जन्मलेल्या दर आठ मुलांपैकी सातांच्या दातांवर डाग! पुढे दोन गोष्टी लक्षात आल्या. एक, बाहेरून मोठेपणी आलेल्यांना डाग पडत नाहीत. म्हणजे जे काही घडते ते दात हिरडीखाली तयार होत असताना घडते. दुसरी गोष्ट चमत्कारिक होती. हे डागाळलेले दात इतरांच्या मानाने कमी किडत.

ब्लॅक १९१५ मध्ये वारले. मॅके मात्र हटला नाही. १९२३ मध्ये तो आयडाहो राज्यातल्या ओकली या खेड्यात गेला. तिथल्या आयांनी त्याला सांगितले की पाच मैलांवरच्या उष्ण झऱ्याचे पाणी नळाने गावात आणल्यापासून मुलांच्या दातांवर डाग येऊ लागले. मॅकेने पाणी तपासले. त्याला काही सापडले नाही. तरीही त्याने सल्ला दिला की ती पाइपलाइन सोडून द्या आणि दुसऱ्या झऱ्याचे पाणी घ्या. गावाने ऐकले. काही वर्षांनी धाकट्या मुलांना नवे दात आले ते पांढरे स्वच्छ. (मी पाणीपुरवठ्याचा माणूस. चांगली चालू असलेली लाइन आयांच्या सांगण्यावरून बंद करणाऱ्या त्या गावाला माझा नमस्कार.)

यानंतर सरकारी आरोग्य खाते या गोष्टीत येते. आर्कान्सा राज्यात बॉक्साइट नावाचे एक गाव आहे. अ‍ॅल्युमिनियम बनवणाऱ्या अल्कोआ कंपनीने वसवलेले. तिथेही मुलांचे दात तपकिरी, आणि पाच मैलांवरच्या गावात मात्र ठीक. अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेचे डॉ. ग्रोव्हर केम्फ आणि मॅके दोघे पाहणी करून आले. त्यांचा अहवाल कंपनीचे मुख्य रसायनतज्ज्ञ एच. व्ही. चर्चिल यांच्या हाती पडला. त्यांची काळजी निराळी होती. अ‍ॅल्युमिनियमची भांडी विषारी असतात असा बोभाटा तेव्हा चालू होता, आणि त्यात कंपनीच्याच गावातली मुले अशी! त्यांनी १९३१ मध्ये त्या पाण्याची वर्णपटाच्या साहाय्याने बारकाईने तपासणी करून घेतली. उत्तर आले फ्लोराइड. मॅकेकडून डागाळलेल्या इतर गावांचे पाणी मागवले, तिथेही फ्लोराइड. तीस वर्षांचे कोडे सुटले ते अशा रीतीने, भांड्यांची अब्रू वाचवण्याच्या खटपटीत.

त्याच वर्षी सरकारच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतले दंतवैद्य एच. ट्रेंडली डीन यांच्याकडे हे काम सोपवले गेले. मला या साऱ्या इतिहासात सर्वांत जवळचा वाटतो तो हा माणूस, कारण त्याने आधी मोजमाप केले आणि मग तोंड उघडले. संस्थेतल्या एलिआस एल्व्होव्ह या रसायनतज्ज्ञाकडून त्यांनी पाण्यातले फ्लोराइड लिटरमागे मिलिग्रॅमच्या दहाव्या भागापर्यंत मोजण्याची पद्धत तयार करून घेतली. दातांवरच्या डागांच्या पायऱ्या ठरवल्या. निर्दोष, संशयास्पद, अतिसौम्य अशा चढत चढत तीव्रपर्यंत. डीनची ही मोजपट्टी आजही जगभर आणि आपल्याकडेही वापरली जाते. मग चार राज्यांतल्या २१ शहरांतली १२ ते १४ वर्षांची ७,२५७ मुले तपासली. निष्कर्ष १९४२ पर्यंत हाती आला. लिटरमागे सुमारे १ मिलिग्रॅम फ्लोराइड असेल तर दात किडण्याचे प्रमाण निम्म्याच्या आसपास किंवा त्याहूनही खाली येते, आणि डाग बहुतेकांना पडतच नाहीत किंवा दिसण्याजोगे नसतात. त्याहून बरेच वर गेले की डाग, आणि अगदी कमी असले की कीड.

हा आकडा त्या देशाला हवाच होता. दोन्ही महायुद्धांत सैन्यात भरतीसाठी आलेल्या तरुणांना नाकारण्याचे एक मुख्य कारण काय असेल? समोरासमोर येणारे सहा दातही तोंडात धड नसणे! तेव्हा ज्या शहरांच्या पाण्यात फ्लोराइड नाही तिथे ते मुद्दाम घालून पाहावे, असा विचार पुढे आला. २५ जानेवारी १९४५ रोजी मिशिगन राज्यातल्या ग्रँड रॅपिड्स शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रात पाण्यात सोडियम फ्लोराइड मिसळायला सुरुवात झाली. असे करणारे ते जगातले पहिले शहर. तुलनेसाठी जवळचे मस्कीगन शहर होते, तिथे काही मिसळायचे नाही. पंधरा वर्षे शाळकरी मुलांचे दात तपासत राहायचे असे ठरले. अकरा वर्षांनंतर पाहिले तेव्हा प्रयोग सुरू झाल्यावर जन्मलेल्या मुलांत दातांची कीड साठ टक्क्यांहून अधिक घटलेली होती.

पण मस्कीगनच्या लोकांनी तेवढी वाट पाहिली नाही. शेजारच्या मुलांचे दात सुधारत आहेत म्हटल्यावर त्यांनी १९५१ मध्ये आपल्याही पाण्यात फ्लोराइड घालून घेतले आणि प्रयोगाची तुलनाच संपली. सरकारी आरोग्य सेवेनेही १९५० मध्येच, म्हणजे ठरलेली मुदत पुरी होण्याआधी, सगळ्या देशासाठी शिफारस करून टाकली. ही घाई झाली असे माझे मत आहे. पुढे पाऊणशे वर्षे या विषयावर जी भांडणे झाली, कोणी त्याला साम्यवाद्यांचा कटही म्हटले, त्यांतली निदान काही टळली असती. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रांनी १९९९ मध्ये पाण्यातल्या फ्लोराइडची गणना विसाव्या शतकातल्या दहा मोठ्या आरोग्यविषयक यशांत केली. २०१५ मध्ये तिथल्या सरकारने शिफारशीचे प्रमाण उतरवून ०.७ मिलिग्रॅमवर आणले, कारण आता फ्लोराइड पेस्टमधूनही मिळते. आणि २०२५ मध्ये युटा राज्याने कायदा करून ते पाण्यात घालणेच बंद केले. आयांच्या सांगण्यावरून पाइपलाइन सोडणाऱ्या लोकांचा देश, तिथे वाद संपणे कठीणच.

एका साध्या हिशेबाकडे मात्र लक्ष वेधतो. पाण्यात किती आहे यापेक्षा पोटात किती जाते हे महत्त्वाचे. अमेरिकन आरोग्य सेवेने १९६२ मध्ये हे ओळखून हवामानाप्रमाणे प्रमाण ठरवले. थंड प्रदेशात १.२, उष्ण प्रदेशात ०.७, कारण उन्हाळ्यात माणूस जास्त पाणी पितो. आता मिशिगनमधले मूल घ्या. दिवसाला लिटरभर पाणी, म्हणजे १ मिलिग्रॅम फ्लोराइड. आणि आमचा गँगमन घ्या. मे महिन्यात, तापलेल्या खडीवर उभे राहून टिकाव मारणारा. तो सहा लिटर पितो. पाण्यात समजा ३ मिलिग्रॅम असेल, तर दिवसाला १८. तोच पदार्थ, आणि अठरा पट.

तो इतका का चढतो? नलगोंड्याचा बराचसा प्रदेश जुन्या ग्रॅनाइटी खडकाचा. (कोलोरॅडो स्प्रिंग्जच्या माथ्यावरचा पाइक्स पीक हा डोंगरही ग्रॅनाइटचाच.) या खडकांतल्या काही खनिजांत फ्लोराइड असते. वरच्या थरात पाणी राहत नाही म्हणून बोअर खोल जाते. तिथे वर्षानुवर्षे खडकाशी मुरलेले, कॅल्शियम कमी असलेले, क्षारयुक्त पाणी लागते, आणि अशा पाण्यात फ्लोराइड छान विरघळून राहते. दिसायला पाणी काचेसारखे नितळ. वास नाही. उकळले तरी फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटते तसे ते दाट होते. दाताचे आवरण घडत असताना, म्हणजे साधारण आठव्या वर्षापर्यंत, हे पाणी पोटात गेले की आवरण सच्छिद्र बनते. आधी खडूसारखे पांढरे ठिपके येतात, मग त्यात रंग मुरतो. डाग बाहेरून बसलेला नसतो, दात घडतानाच त्याच्या अंगात बसतो. म्हणून घासून जात नाही. पाणी तसेच पीत राहिले तर पुढे हाडांची पाळी येते. मान आखडते, पाठ ताठते, सांधे धरतात.

आपल्याकडे हे पहिल्यांदा शास्त्रशुद्ध नोंदले गेले १९३७ मध्ये, तेव्हाच्या मद्रास इलाख्यातल्या नेल्लोर जिल्ह्यात. एच. ई. शॉर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते केले. वर्ष लक्षात घ्या. तिकडे डीन साहेब किती फ्लोराइड चांगले याचा शोध घेत होते त्याच वर्षांत इकडे अति झाले की माणसाचा कणा कसा होतो याची चित्रे छापली जात होती. नलगोंड्याची पाळी आली १९५५ मध्ये. तेव्हाच्या हैदराबाद राज्यातल्या या जिल्ह्यातल्या रुग्णांवर ए. एच. सिद्दिकी यांचा लेख ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला तो डिसेंबर १९५५ चा अंक. आणि याच डिसेंबरात पंडित नेहरूंनी नागार्जुनसागर धरणाची पायाभरणी केली. कृष्णेवरचे एवढे प्रचंड धरण, आणि त्याच जिल्ह्याच्या उंचावरच्या मर्रिगुडा, मुनुगोडे भागातली गावे पुढची साठ वर्षे बोअरचेच पाणी पीत राहिली. पाटाचे पाणी उताराने जाते. चढावर न्यायचे तर पंप लागतो आणि इच्छाही.

तारनाक्याची राष्ट्रीय पोषण संस्था आपल्यापैकी अनेकांच्या रोजच्या वाटेवर आहे. तिथल्या कृष्णमाचारी आणि कृष्णस्वामी यांनी १९७३ मध्ये फ्लोराइडच्या भागातल्या, गुडघे आत वळलेल्या तरुणांची नोंद ‘लॅन्सेट’मध्ये केली. याच संस्थेतल्या खंदारे आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये एक वेगळीच गोष्ट दाखवली. शाळकरी मुलांच्या रोजच्या जेवणात चिंच दिली तर लघवीवाटे जास्त फ्लोराइड बाहेर पडते. आमटीत चिंच-गूळ घालणाऱ्या मराठी घराला आणि रोज चारू पिणाऱ्या तेलुगू घराला ऐकून बरे वाटेल. पण चिंचेने रोग बरा होतो असे कोणी म्हटलेले नाही, हेही ध्यानात ठेवावे.

खरा उपाय पाण्यातच करायचा होता, आणि इथे आपले नागपूर येते. १९५८ मध्ये तिथे केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था स्थापन झाली. १९७४ पासून तिचे नाव ‘नीरी’. तिथल्या नवलाखे, कुलकर्णी, पाठक आणि बुलुसू यांनी १९७५ मध्ये पाण्यातले फ्लोराइड काढण्याची एक पद्धत प्रसिद्ध केली. तिला नाव दिले ‘नलगोंडा पद्धत’. विदर्भात बसून आंध्रातल्या जिल्ह्याचे नाव देणाऱ्या त्या मंडळींचे मला कौतुक वाटते. पद्धत अशी की पाण्यात चुना आणि तुरटी ठरल्या प्रमाणात घालायची, जंतूंसाठी ब्लीचिंग पावडर, मग ढवळायचे. तुरटीचा जो कापसासारखा गाळ तयार होतो तो फ्लोराइडला धरून खाली बसतो. वरचे पाणी गाळून घ्यायचे. घरी करायची तर बादली पुरते. दहा मिनिटे ढवळा, तासभर निवळू द्या, तळाच्या वर बसवलेल्या तोटीने पाणी काढा. आपल्या आज्या गढूळ पाण्यात तुरटी फिरवीत, तिचीच ही शिकलेली नात. फक्त इथे तुरटी चिमूटभर पुरत नाही, पुष्कळ लागते, आणि नेमकी किती हे पाणी तपासल्याशिवाय कळत नाही.

मी स्वतः त्या स्टेशनवर दोन बादल्यांचा हा प्रयोग करून पाहिला. पहिला आठवडा सगळ्यांनी हौसेने केले. दुसऱ्या आठवड्यात तुरटी संपली. तिसऱ्यात मेटच्या बायकोने विचारले की कामावर जायच्या आधी सकाळी तासभर बादलीकडे बघत कोण बसणार? गाळ कुठे टाकायचा हाही प्रश्न, कारण त्यात तेच फ्लोराइड. मोठ्या संयंत्रांचेही अनेक ठिकाणी हेच झाले. बांधली, उद्घाटने झाली, आणि चालवायला माणूस, वीज आणि तुरटी यांपैकी एक ना एक नसल्याने ती बंद पडली. पद्धतीत खोट नव्हती. पण रोजची देखभाल ज्याच्या गळ्यात पडणार त्याला कोणी आधी विचारलेच नव्हते. आम्हा वर्क्सवाल्यांना हा रोग चांगला परिचयाचा आहे.

दरम्यान दिल्लीत काय चालले होते? १९८६ मध्ये पिण्याच्या पाण्याचे राष्ट्रीय तंत्रज्ञान मिशन सुरू झाले, आणि नारूच्या निर्मूलनाबरोबर फ्लोरोसिसचे नियंत्रण हेही त्याचे एक काम ठरले. १९९२ मध्ये औषधे व सौंदर्यप्रसाधनांच्या नियमांत टूथपेस्टमधल्या फ्लोराइडला दहा लाख भागांत १,००० भाग ही मर्यादा घातली गेली. याच १९९२ मध्ये टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू वापरण्यावरही बंदी आली. कारखानदार न्यायालयात गेले, पण सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये बंदी कायम ठेवली. आपल्या गावाकडे तव्यावर तंबाखू जाळून घरीच मिशरी करणाऱ्या बायकांपर्यंत मात्र कोणताही राजपत्र पोहोचत नाही. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

भारतीय दंत परिषदेने २००२-०३ मध्ये देशभर मौखिक आरोग्याची पाहणी केली आणि तिच्याच जोडीला पाण्यातल्या फ्लोराइडचा नकाशाही तयार केला. दात आणि पाणी एकाच कागदावर आणणारी ही पाहणी मला फार मोलाची वाटते. बारा वर्षांच्या मुलांपैकी निम्म्याहून अधिकांचे दात किडलेले निघाले. म्हणजे देशाच्या एका भागात मुलांना पेस्टमधले फ्लोराइड हवे आहे आणि दुसऱ्या भागात ते पाण्यातून काढायचे आहे. एकच भित्तिपत्रक दोन्हीकडे लावून कसे भागेल?

आरोग्य मंत्रालयाने २००८-०९ मध्ये फ्लोरोसिस प्रतिबंध व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला तो नेल्लोर, जामनगर, नागौर, नयागढ, धर्मपुरी आणि उज्जैन या सहा जिल्ह्यांपासून. १९३७ ते २००८, नेल्लोरला एकाहत्तर वर्षे थांबावे लागले. पण कार्यक्रमाची आखणी चांगली होती असे मी म्हणेन. जिल्ह्याला फ्लोराइड मोजायचे आयन मीटर, तंत्रज्ञ, सल्लागार, शाळांतून मुलांच्या दातांची तपासणी, आणि दात सापडले की त्या वस्तीचे पाणी तपासायचे. हाडांसाठी तीन सोप्या चाचण्या, ज्यांना कसलेही यंत्र लागत नाही. गुडघे न वाकवता पायाची बोटे धरा, हनुवटी छातीला टेकवा, दोन्ही हात डोक्यामागे न्या. त्यानंतर २०१४ मध्ये राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम आला आणि जिल्हा व त्याखालच्या सरकारी दवाखान्यांत दंतवैद्य, खुर्ची आणि साहित्य देण्याला गती मिळाली. ब्रश कसा धरावा याचे शिक्षण त्यातही आहे, आणि असायलाच हवे. माझे म्हणणे एवढेच की नलगोंड्यासारख्या ठिकाणी दातांच्या आरोग्याचा पहिला धडा मुलाला नव्हे, पाणी देणाऱ्याला द्यावा लागतो. त्या पंधरा ऑगस्टला समोर बसून भाषण ऐकायला हवे होते ते मी.

आमच्या स्टेशनचे सांगायचे तर, रोज पॅसेंजर गाडीने जंक्शनहून पिण्याच्या पाण्याचे कॅन पाठवण्याची व्यवस्था व्हायला २००७ उजाडले. तीन वर्षे. कागदपत्रांची थप्पी अजून माझ्या कपाटात आहे. बोअरचे पाणी धुण्या-भांड्यांसाठी राहिले. पुढे तेलंगण राज्य झाले आणि २०१६ मध्ये मिशन भगीरथ सुरू झाले. त्यातून कृष्णेचे पाणी पंप लावून उंचावरच्या गावांपर्यंत आले. त्या अवाढव्य योजनेच्या खर्चाबद्दल कोणाला काय म्हणायचे ते म्हणो. मी नळ उघडून पाहिला आहे.

मेट केव्हाच निवृत्त झाला, स्टेशनजवळच्या गावातच घर बांधून राहिला. २०२४ मध्ये त्या बाजूला काम निघाले म्हणून त्याच्याकडे गेलो. मुलगी माहेरी आली होती. तिचे सासर शेजारच्याच गावात. तिचा आठ वर्षांचा मुलगा अंगणात सायकल फिरवत होता. मला पाहून हसला. पुढचे दोन मोठे दात नुकते पूर्ण आलेले, पांढरे, कडेला अजून करवतीसारखे दाते असलेले. मी काही बोललो नाही. तीच म्हणाली, “देखे साब?” आणि हसली, पदर तोंडावर धरून. ती सवय काही गेलेली नाही.

घराच्या कोपऱ्यावर जुना हातपंप आहे, लाल रंग फासलेला. त्यावर कोणीतरी बैल धूत होते. मेट खाटेवर बसला होता. एके काळी हा माणूस रुळावर गाल टेकवून, एक डोळा मिटून, दोनशे फुटांवरचा सूतभर खळगा दाखवायचा. मी त्याला म्हटले, हनुवटी छातीला टेकवून दाखव. त्याने प्रयत्न केला. चार बोटांचे अंतर राहिले. मग आतून नातवाने हाक मारली तेव्हा मान न वळवता, सगळे अंग फिरवून तो दाराकडे बघू लागला.